लाल बावट्याचा मतदार कुठे गेला? गिरणगावातून समजून घेऊ पक्षनिष्ठा

ऑक्टोबर २०२२ मध्ये अंधेरी पूर्वच्या पोटनिवडणुकीत भारतीय कम्युनिस्ट पक्षाने उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेच्या उमेदवाराला पाठिंबा जाहीर केला. आजच्या तरुण वाचकाला ही आघाडीच्या राजकारणातली एक बातमी वाटली असेल. पण १९७० सालचे परळ ज्यांना आठवते किंवा घरात ऐकून माहीत आहे, त्यांच्यासाठी ती गिळायला अवघड होती. याच दोन पक्षांनी परळ-लालबागच्या गल्ल्यांत एकमेकांची डोकी फोडली होती, आणि एका आमदाराचा जीव त्यात गेला होता.

त्या बातमीमागे एक मोठा प्रश्न आहे. १९६७ मध्ये मध्य मुंबईने कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे यांना लोकसभेवर पाठवले. १९७४ च्या पोटनिवडणुकीत त्यांची मुलगी रोझा देशपांडे जिंकल्या, पण त्यानंतर भाकपचा एकही खासदार मुंबईतून निवडून आला नाही. आज शहरातल्या कोणत्याही मतदारसंघात कम्युनिस्ट उमेदवाराचे नाव विजयाच्या चर्चेत नसते. मग तो मतदार गेला कुठे? निकालाच्या दिवशी वाहिन्यांवर ‘बालेकिल्ला ढासळला’ असे ऐकू येते, पण मतदाराची निष्ठा बदलते म्हणजे नेमके काय होते, हे कोणी सांगत बसत नाही. गिरणगावाइतके, म्हणजे परळ-लालबागच्या कापड गिरण्यांच्या वस्तीइतके, स्पष्ट उदाहरण या विषयाला दुसरे नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

पक्षनिष्ठा म्हणजे काय?

आधी दोन शब्द. ‘डावा पक्ष’ म्हणजे मालकापेक्षा कामगाराची, जमीनदारापेक्षा कुळाची बाजू घेणारा आणि संपत्तीच्या वाटपात सरकारने हस्तक्षेप करावा असे मानणारा पक्ष. ‘पक्षनिष्ठा’ म्हणजे उमेदवार कोण आहे, जाहीरनाम्यात काय आहे हे न पाहता ‘हे आपले’ म्हणून एकाच पक्षाला पुन्हा पुन्हा मत देण्याची सवय.

ही सवय विचार पटल्यामुळे लागते असे आपण धरून चालतो. तो तिचा एक भाग झाला. गिरणी कामगाराची खानावळ आठवा. कोकणातून किंवा घाटावरून आलेला एकटा पुरुष महिन्याच्या बोलीवर एका बाईकडे जेवायचा. तिच्या हाताला चव होतीच, पण तो तिथे टिकायचा ते त्याच पंगतीला गावची चार माणसे बसायची म्हणून, पगार लांबला तर ती उधारीवर जेवू घालायची म्हणून, आजारी पडला तर चौकशी करायची म्हणून. अशी खानावळ कोणी भाजीत मीठ जास्त पडले म्हणून सोडत नाही. पण गावची माणसे पांगली, उधारी बंद झाली, की पाय आपोआप दुसरीकडे वळतात. पक्षाचेही असेच आहे. मत पाच वर्षांतून एकदा द्यायचे असते. त्याला धरून ठेवणारे धागे मात्र रोजच्या जगण्यात विणलेले असतात.

हे धागे विणले कोणी?

१९२८ साली मुंबईतल्या कापड गिरण्यांत सुमारे सहा महिने संप चालला. दीड लाखाच्या आसपास कामगार त्यात होते. त्याच संपातून गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा युनियन, उभी राहिली. पुढच्याच वर्षी मीरत कटाच्या खटल्यात तिचे मोठे नेते तुरुंगात गेले, तरी बावटा टिकला, कारण गिरणी-गिरणीत तिच्या कमिट्या होत्या. जॉबरने, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाने, बदली कामगाराला (गैरहजर माणसाच्या जागी येणाऱ्याला) पाळी नाकारली, साच्यावर, म्हणजे मागावर, दंड बसला, मजुरी कापली, की जायचे कुठे हे कामगाराला ठाऊक होते. चाळीच्या चौकात अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक यायचे. पोवाडा, लावणी, वग या गावाकडच्याच कलांतून राजकारण कामगाराच्या घरात शिरले.

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ आली. १९५६ मध्ये समिती स्थापन झाली आणि १९५७ च्या निवडणुकीत मुंबईने काँग्रेसला जबर धक्का दिला. डांगे मध्य मुंबईतून मोठ्या फरकाने लोकसभेवर गेले. या चळवळीने ‘मी कामगार’ आणि ‘मी मराठी’ या दोन ओळखी एकाच झेंड्याखाली आणल्या. गिरणीचा मालक बहुधा अमराठी आणि कामगार बहुधा मराठी, त्यामुळे मालकाविरुद्धची लढाई आणि मुंबईसाठीची लढाई एकच वाटत होती. लाल बावट्याची ताकद तेव्हा शिखरावर होती.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. हे धागे सगळ्यांना सारखे बांधत नव्हते. साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, मजुरी जास्त होती. तिथे धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, म्हणून अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात प्रवेश नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न रोखठोक मांडला. ७ नोव्हेंबर १९३८ च्या एक दिवसाच्या संपात आंबेडकर आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले, पण मधली दरी बुजली नाही. ‘सगळे कामगार एक’ म्हणणारी चळवळ आपल्याच खात्यातली शिवाशिव मोडायला इतकी कचरली, ही तिची मोठी चूक होती असे मला ठामपणे वाटते.

एकाच माणसाच्या दोन निष्ठा

आता खरा पेच. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, मुंबई मिळाली, आणि समितीचे काम संपले. ज्या दोन ओळखी एकत्र बांधल्या होत्या, त्यातली मराठीपणाची ओळख मोकळी झाली. तिला पुढचे काम द्यायचे तर प्रश्न समोरच होते. गिरणी कामगाराचा मुलगा मॅट्रिक झाला होता. त्याला बापासारखे साच्यावर उभे राहायचे नव्हते. त्याला बँकेत, विम्यात, सरकारी कचेरीत टेबल-खुर्ची हवी होती, आणि तिथे आपल्याला घेत नाहीत अशी त्याची भावना होती. बदली कामगाराच्या प्रश्नाला युनियनकडे उत्तर होते. या मुलाच्या प्रश्नाला नव्हते.

१९ जून १९६६ रोजी स्थापन झालेल्या शिवसेनेकडे उत्तर होते. ते बरोबर होते असे मी म्हणणार नाही. दक्षिण भारतीय कारकुनाला शत्रू ठरवून मराठी मुलाचा प्रश्न सुटणार नव्हता. पण उत्तर तयार होते, आणि ते त्याच्या घराजवळ मिळत होते. शाखा गिरणीच्या गेटवर नव्हती, गल्लीच्या तोंडाशी होती. नळाला पाणी नाही, शाळेत प्रवेश मिळत नाही, नोकरीचा अर्ज भरायचाय, रात्री-अपरात्री कोणाला केईएमला न्यायचेय, तर तिथे कोणीतरी बसलेले असे. युनियन बापाला आठ तासांच्या पाळीत भेटायची. शाखा मुलाला उरलेल्या सोळा तासांत भेटू लागली.

म्हणून कितीतरी घरांत एक गोष्ट घडली, जी बाहेरच्याला विसंगत वाटते: गिरणीत वर्गणी लाल बावट्याला आणि मत शिवसेनेला. हा दुटप्पीपणा नव्हता. पगाराच्या भांडणासाठी एक संघटना आणि वस्तीतल्या मानासाठी दुसरी, असे माणसाने सरळ वाटून घेतले होते.

त्यातही युनियनचे हात बांधलेले होते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार एका भागातल्या एका उद्योगात एकाच संघटनेला कामगारांच्या वतीने बोलणी करण्याचा अधिकार होता. कापड उद्योगात तो काँग्रेसच्या बाजूच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. लाल बावट्याकडे माणसे होती, सही करण्याचा अधिकार नव्हता. जो पक्ष लढतो पण करार करू शकत नाही, त्याच्याबद्दल आदर राहतो, भरवसा मात्र कमी होत जातो.

बालेकिल्ला एका रात्रीत कसा पडतो?

तो एका रात्रीत पडत नाही, फक्त दिसतो एका रात्रीत.

५ जून १९७० च्या रात्री परळचे भाकप आमदार कृष्णा देसाई यांचा लालबागमध्ये खून झाला. ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक झाली. भाकपने त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांना उभे केले आणि अनेक पक्षांनी त्यांना पाठिंबा दिला. सहानुभूती होती, पक्षाचा जुना गड होता. तरीही शिवसेनेचे वामनराव महाडिक जिंकले आणि सेनेचे पहिले आमदार झाले. फरक होता १,६७९ मतांचा.

आपल्याकडे ज्याला सर्वात जास्त मते तो विजयी. दुसऱ्या क्रमांकाला कितीही मते पडोत, हाती शून्य. समजा शंभर मतदारांत एका पक्षाला ५५ आणि दुसऱ्याला ४५ मते आहेत. पहिल्याकडचे फक्त सहा जण दुसरीकडे गेले तरी निकाल ४९ विरुद्ध ५१ होतो. शंभरातले ९४ जण जागचे हललेले नाहीत, आणि मथळा मात्र ‘मतदारांनी पाठ फिरवली’ असा येतो. १९७० मध्ये परळने लाल बावटा टाकून दिला, असे म्हणणे म्हणूनच चूक आहे. जवळपास अर्धे परळ तेव्हाही त्याच्यामागे होते.

उलट बाजूही तितकीच खरी. वरवर दिसणाऱ्या विजयाखाली निष्ठा झिजत असू शकते. १९६७ मध्ये डांगे जिंकले तेव्हा शिवसेना स्थापन होऊन वर्षही झाले नव्हते. १९६८ च्या महापालिका निवडणुकीत तिने ४२ जागा घेतल्या. झीज आधीच झाली होती, फक्त ती मोजणारी निवडणूक मध्ये आली नव्हती.

‘पण हे तर दहशतीने झाले!’

हा पहिला आक्षेप, आणि तो खोटा नाही. १९६७ मध्ये परळच्या दळवी बिल्डिंगमधल्या गिरणी कामगार युनियनच्या कार्यालयावर हल्ला झाला. कृष्णा देसाई वस्तीत तरुणांत वावरणारे, त्यांना पक्षाशी जोडणारे नेते होते. पक्षाचा गल्लीतला सर्वात बळकट दुवाच त्या रात्री तोडला गेला. या हिंसेला सत्ताधारी काँग्रेसची मूक संमती होती, असे डाव्यांनी तेव्हापासून सांगितले आहे. त्या काळातल्या काँग्रेसला कम्युनिस्ट युनियन नकोच होती, हे पाहता ते पटण्यासारखे आहे.

पण दहशतीने माणूस गप्प बसतो, घरी राहतो. गुप्त मतदानात तीस-तीस वर्षे त्याच पक्षाला मत द्यायला नुसती भीती पुरत नाही. खुनाचे दुःख आणि संताप मनात ठेवूनही हे मान्य करावे लागते की पक्षाने वस्तीतली जागा आधीच मोकळी सोडली होती.

आणि काही जखमा पक्षाने स्वतः करून घेतल्या. १९६४ मध्ये कम्युनिस्ट पक्ष फुटला, भाकप आणि माकप (मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष) झाले. १९७५ च्या आणीबाणीला भाकपने पाठिंबा दिला. ज्या काँग्रेसशी आयुष्यभर भांडलो तिच्याच बाजूला आपला पक्ष उभा राहिलेला कामगाराने पाहिला. शिवसेनेनेही आणीबाणीला पाठिंबा दिला होता, पण तिने कधी काँग्रेसविरोधाची शपथ घेतली नव्हती. आणीबाणीला विरोध करणाऱ्या माकपच्या अहिल्या रांगणेकर १९७७ मध्ये उत्तर-मध्य मुंबईतून लोकसभेवर गेल्या. देशभर जनता पक्षाची लाट होती, हे खरेच. पण मृणाल गोरे यांच्यासोबत महागाईविरुद्ध लाटणी घेऊन बायकांना रस्त्यावर आणणाऱ्या या बाईंना मुंबईतल्या घराघरांत ओळखत होते. डावा पक्ष गेटवरून स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला की काय होते, ते तिथे दिसले.

‘१९८२ चा संप फसला म्हणून डावे संपले ना?’

हे सर्रास ऐकू येते, पण क्रम उलटा आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. नेते होते डॉ. दत्ता सामंत, आणि ते कम्युनिस्ट नव्हते. कामगार त्यांच्याकडे गेले तेच मुळी मान्यताप्राप्त संघ, लाल बावटा आणि सेना या सगळ्यांवरचा भरवसा उडाल्यामुळे. निष्ठा सुटल्याचा हा परिणाम होता.

संपाने केले ते वेगळेच. तो अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही. लाखाहून अधिक माणसांचे काम गेले. १९८४ मध्ये, इंदिराजींच्या हत्येनंतरच्या सहानुभूतीच्या लाटेतही, दक्षिण-मध्य मुंबईने सामंतांना अपक्ष म्हणून लोकसभेवर पाठवले. संपात होरपळलेल्या माणसांनी आपल्या नेत्याला दिलेले ते मत मला आजही फार मोठे वाटते. १९८९ मध्ये मात्र तीच जागा वामनराव महाडिकांनी जिंकली आणि पुढे मोहन रावलेंनी ती राखली. त्या पाच वर्षांत गिरणीचा गेट हे ठिकाणच कामगाराच्या आयुष्यातून निघून गेले होते. बिल्ला गेला, पाळी गेली, गेटसभा गेली. गिरणीत लाल आणि वस्तीत भगवा अशा दोन निष्ठा ठेवणाऱ्या माणसाची गिरणीच बंद झाल्यावर उरणार होती ती वस्तीच.

तीन वेगळ्या गोष्टी, ज्या आपण एकच समजतो

निष्ठा बदलली असे आपण म्हणतो तेव्हा खाली तीन वेगळ्या हालचाली असू शकतात.

पहिली, निष्ठा सुटणे. अभ्यासक याला डीअलाइनमेंट म्हणतात. जुना पक्ष नको झालेला असतो, नवा आपला वाटलेला नसतो. माणूस दर वेळी वेगळे मत देतो किंवा मतदानालाच जात नाही. १९८१ मध्ये सामंतांकडे गेलेला कामगार या अवस्थेत होता.

दुसरी, निष्ठा वळणे, म्हणजे रीअलाइनमेंट. एका पक्षाची पक्की माणसे दुसऱ्याची पक्की होतात. पश्चिम बंगालमध्ये ३४ वर्षांची डावी सत्ता २०११ मध्ये गेली. २०१४ च्या लोकसभेत डाव्या आघाडीला तिथे सुमारे ३० टक्के मते होती, २०१९ मध्ये ती सात-साडेसात टक्क्यांवर आली, आणि भाजप १७ वरून ४० टक्क्यांवर गेला. ‘आगे राम, पोरे बाम’, म्हणजे आधी राम (भाजप), मग डावे, अशी घोषणाच तिथे रूढ झाली. तृणमूलच्या गावगुंडांपासून आपल्याला कोण वाचवणार, हा त्या मतदाराचा रोजचा प्रश्न होता. विचारसरणीच्या पुस्तकात हे स्थलांतर अशक्य वाटते, पण गावात राहणाऱ्याला ते समजते.

तिसरी हालचाल सर्वात कमी लक्षात येते. मतदार तोच राहत नाही. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जमिनींवर आज टॉवर आणि मॉल आहेत. संपानंतर कोणी गावी गेले, कोणी खोली विकून डोंबिवली, बदलापूर, विरारला गेले. २००८ च्या फेररचनेनंतर परळ नावाचा विधानसभा मतदारसंघही उरला नाही. १९६७ मध्ये डांगेंना मत देणाऱ्याचे नाव आज त्या यादीत सापडणे कठीण. ‘परळचा मतदार बदलला’ या वाक्यातला परळही तो नाही आणि मतदारही तो नाही.

ब्रिटनमधल्या मजूर पक्षाच्या बातम्या वाचतानाही या तीन गोष्टी सुट्या करून पाहाव्यात. तिथल्या कोळसा कामगारांचा मोठा संप १९८४-८५ मध्ये हरला, खाणी बंद झाल्या. पण बोल्सोव्हर हा खाणींचा मतदारसंघ, जो १९५० पासून मजूर पक्षाकडे होता, तो हातचा गेला २०१९ मध्ये. मधल्या तीस-पस्तीस वर्षांत तिथला बाप आणि आजोबा खाणीत गेलेला मतदार सवयीने मत देत राहिला, आणि ती सवयही एक दिवस संपली.

‘म्हणजे विचारच कालबाह्य झाला?’

तसे असते तर तो सगळीकडे एकदम संपला असता. मुंबईपासून लोकलने जाता येते त्या डहाणूतून माकपचे विनोद निकोले २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये आमदार झाले. तलासरी-डहाणू भागात १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांनी वारली आदिवासींना वेठबिगारीविरुद्ध उभे केले. तेव्हापासून आजच्या वनजमिनीच्या दाव्यांपर्यंत तिथे पक्षाचे काम थांबलेले नाही. दावा नामंजूर झाला तर कोणाच्या दारात जायचे, हे तिथल्या माणसाला अजून माहीत आहे.

याच भागातले आणि नाशिककडचे शेतकरी मार्च २०१८ मध्ये पायी मुंबईत आले. दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना अडचण नको म्हणून ते रात्रीतून चालत आझाद मैदानात पोहोचले. फाटक्या टाचांचे ते फोटो पाहून मुंबई हलली. लोकांनी पाणी, बिस्किटे, चपला आणून दिल्या. पण पुढच्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत मुंबईत लाल बावट्याचा एकही उमेदवार जिंकला नाही. मुंबईकर खोटे वागले असे मला वाटत नाही. आपुलकी एका रात्रीत वाटू शकते, निष्ठेला मात्र रोजची गाठ लागते, आणि ती गाठ पडण्याची जागा शहरात राहिली नव्हती.

गेलेला मतदार परत येतो का?

येतो, पण तो पूर्वीचाच असेल असे धरू नये. २०२४ मध्ये मजूर पक्षाने ब्रिटनमध्ये ४०० हून अधिक जागा जिंकल्या, बोल्सोव्हरही परत मिळवले. त्याची मते मात्र ३३.७ टक्के होती. २०१९ च्या दारुण पराभवात ती ३२.१ टक्के होती. विरोधकांची मते फुटली म्हणून जागा वाढल्या. मतांची टक्केवारी जवळपास तिथेच राहिली. म्हणून कोणत्याही निकालात जागांआधी मतांची टक्केवारी पाहावी.

मुंबईत कामगार कमी झालेला नाही, तो विखुरलेला आहे. लोअर परळच्या त्याच जमिनीवर सुरक्षा रक्षक, सफाई करणाऱ्या बायका, दुचाकीवरून डबे पोहोचवणारी मुले बारा-बारा तास राबतात. त्यांचा कंत्राटदार दर वर्षी बदलतो, सगळ्यांनी एकत्र बाहेर पडावे असा गेट नाही, आणि मालक कोण हेही धड माहीत नसते. अशा ठिकाणी १९२८ सारखी गिरणी कमिटी बांधता येत नाही, दुसरे काहीतरी लागेल.

जिथे डाव्यांना असे काहीतरी सापडले आहे ती जागा अंगणवाडीची. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी जवळपास दोन महिने संप केला, आणि त्यांच्या संघटनांत लाल बावट्याच्या संघटना आघाडीवर होत्या. सेविका वस्तीतच राहते, प्रत्येक घर तिला ओळखते, तिचे काम आणि तिची गल्ली एकच आहे. गिरणी कामगाराच्या बाबतीत पक्षाला जे दोन भाग जोडता आले नाहीत, ते इथे आधीच जोडलेले आहेत. मानधनासाठी लाल झेंड्याखाली बसलेल्या यातल्या कितीतरी बायका मत अजून दुसरीकडे देतात. १९६७ नंतर गिरणगावात जे झाले ते पाहिल्यावर, ‘तुम्ही आम्हाला मत का दिले नाही’ असे त्यांना विचारण्याआधी पक्षाने, संप नसतो त्या दिवशी आपला माणूस त्यांच्या गल्लीत कुठे बसतो, हे स्वतःला विचारायला हवे.